शत्रूचं पोस्टर खालून वर वाचा

युद्धकाळातलं पोस्टर समोर आलं की नजर आधी राक्षसाकडे जाते. ती जावी म्हणूनच चित्रकाराने त्याला सुळे, रक्ताळलेली बोटं आणि काखोटीला मारलेली बाई दिलेली असते. पण हे चित्र कुणी छापलं, कुणाला दाखवायला आणि त्याच्याकडून काय करवून घ्यायला, हे राक्षसाच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. ते खालच्या कडेला मुंगीएवढ्या अक्षरांत असतं. म्हणून वाचायची सुरुवात तिथून करायची.

इथली पद्धत इतिहासाचे शिक्षक, कलाशाखेचे विद्यार्थी आणि जुनी छापील चित्रं जमवणारे यांच्यासाठी आहे. उदाहरणं मुख्यतः दोन महायुद्धांतली घेतली आहेत. तेव्हा रंगीत छपाई स्वस्त झाली होती, भिंती मोकळ्या होत्या आणि सरकारांनी देशातले उत्तम चित्रकार कामाला लावले होते. अमेरिका एप्रिल 1917 मध्ये युद्धात उतरली आणि त्याच महिन्यात जॉर्ज क्रील यांच्या हाताखाली सरकारी प्रचारसमिती उभी राहिली. तिच्या चित्रविभागाचं काम चार्ल्स डेना गिब्सन या नावाजलेल्या चित्रकाराकडे दिलं गेलं. म्हणजे ही पोस्टर कुणा माथेफिरूने रात्री भिंतीवर चिकटवलेली नव्हती. रीतसर मागणी यायची, आराखडा मंजूर व्हायचा, मग छपाई.

काय लागेल

दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोजपट्टी, पेन्सिल आणि ए-फोर आकाराचा एक जाड कागद. कागदाच्या मधोमध चार सेंटिमीटरची चौकोनी खिडकी कापा. तिचं काम पुढे येईल.

चित्र कुठून घेता याला फार महत्त्व आहे. शोधयंत्रात पहिलं दिसलेलं चित्र उचलू नका. ते हमखास कातरलेलं असतं, आणि कातरताना पहिला बळी जातो तो खालच्या पट्टीचा. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर पहिल्या महायुद्धातली शेकडो पोस्टर मोठ्या आकारात फुकट उतरवता येतात आणि त्यांच्या कडा शाबूत असतात. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमचा संग्रहही घरबसल्या पाहता येतो. नोंदीत दिलेलं माप वहीत उतरवून घ्या. फोनच्या पडद्यावर भिंतभर पोस्टर आणि वर्तमानपत्रातलं बोटभर व्यंगचित्र सारखंच दिसतं, आणि इथेच पहिली चूक होते.

मापाचा अंदाज यावा म्हणून एक सोपा उद्योग करा. वर्तमानपत्राचं एक जोडपान पूर्ण उघडून भिंतीला आडवं चिकटवा आणि त्याच्याखाली दुसरं. जवळपास 106 गुणिले 71 सेंटिमीटरचा कागद झाला. हॅरी हॉप्स यांचं 1917 च्या सुमाराचं ‘या पिसाळलेल्या जनावराचा नायनाट करा’ अशा अर्थाचं पोस्टर साधारण एवढं आहे. आता त्यावर अंगावर येणारा गोरिला कल्पून बघा. रस्त्याच्या वळणावर हे अचानक समोर येणं आणि अंगठ्याने वर सरकवणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

प्रत अस्सल म्हणून विकत घेत असाल तर आधी भिंग लावा. पहिल्या महायुद्धातल्या शिळाछापाच्या, म्हणजे दगडावरून छापलेल्या, चित्रात रंगाचे सपाट पट्टे किंवा तेलकट खडूचा रवाळ पोत दिसतो. अशा चित्रात ठरावीक अंतरावरच्या चार रंगांच्या ठिपक्यांची फुलं दिसली तर ती नंतरच्या छायाचित्रावरून काढलेली नक्कल समजा. कागद पिवळा आहे एवढ्यावर भुलू नका. चहाच्या पाण्यात कागद कुणीही पिवळा करतं.

खालची पट्टी

या पट्टीत तीन गोष्टी शोधायच्या: छापणारा, प्रसिद्ध करणारा आणि आकडे.

ब्रिटनमधल्या 1914-15 च्या भरतीच्या पोस्टरवर बहुधा संसदीय भरती समितीचं नाव आणि पोस्टरचा क्रमांक असतो. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी पोस्टरवर सरकारी मुद्रणालयाचं नाव, साल आणि युद्ध माहिती कार्यालयाचा क्रमांक मिळतो. हे कार्यालय जून 1942 मध्ये स्थापन झालं, त्यामुळे त्याचं नाव असलेलं पोस्टर त्याआधीचं असूच शकत नाही. सोव्हिएत पोस्टर या बाबतीत सर्वांत बोलकी. खाली चित्रकार, छापखाना, किती प्रती काढल्या आणि कित्येकदा किंमतसुद्धा. रशियन येत नसेल तरी आकडे वाचता येतात.

पट्टीच्या वर सहसा एक क्रियापद असतं. ते वेगळं लिहून काढा: भरती व्हा, युद्धखर्चाचे सरकारी रोखे घ्या, तोंड आवरा, माल वाया घालवू नका. संपूर्ण वाचन या शब्दाभोवती फिरतं, कारण शत्रूचं रूप त्या क्रियापदावरून ठरतं. शत्रू तोच असला तरी मागणी बदलली की त्याचा आकार, अंतर आणि चेहरा बदलतो.

भरतीसाठी शत्रू जवळ हवा. हॉप्स यांचा गोरिला समुद्र ओलांडून आला आहे. मागे पाण्यापलीकडे उद्ध्वस्त शहर आहे आणि पाय ज्या जमिनीवर टेकलेत तिच्यावर ‘अमेरिका’ लिहिलंय. वास्तवात जर्मन फौज हजारो मैल दूर फ्रान्सच्या खंदकांत होती.

रोख्यांसाठी शत्रू भयंकर हवा पण अजून पोचलेला नको, कारण पैसे भरायला माणसाला सवड मिळाली पाहिजे. फ्रेड स्ट्रॉथमन यांचं 1918 चं पोस्टर बघा. अटलांटिकच्या पलीकडून एका जर्मन सैनिकाचं फक्त डोकं वर आलंय, हिरवट डोळे इकडे लागलेत, बोटं आणि संगीन रक्ताने माखलीय. धड दिसत नाही. अर्धा शत्रू दाखवून उरलेला अर्धा तुमच्या पैशाने अडवायचाय, असा हिशेब.

‘तोंड आवरा’ म्हणणाऱ्या पोस्टरमध्ये शत्रू दिसलाच तर चोरून ऐकताना दिसतो. 1940 साली ब्रिटनमध्ये फूगास या टोपणनावाने काम करणाऱ्या व्यंगचित्रकाराने केलेल्या मालिकेत गप्पा मारणाऱ्या दोन बायकांच्या मागच्या बाकावर हिटलर आणि त्याचा उजवा हात गोअरिंग गुपचूप बसलेले आहेत. दुसऱ्या एका चित्रात भिंतीवरच्या कागदाच्या नक्षीतून हिटलरचेच चेहरे डोकावतात. बघणाऱ्याला हसू येतं आणि येणं अपेक्षितच आहे. घाबरलेला माणूस जास्तच कुजबुजतो.

कारखान्यातला शत्रू वेगळाच. डग्लस या विमान कंपनीच्या कामगारांसाठी ‘टोकियो किड’ नावाचं जपानी पात्र काढलं गेलं: टोकदार कान, पुढे आलेले दात, गोल चष्मा, गळणारी लाळ. ते मोडक्या इंग्रजीत कामगारांचे आभार मानायचं, की तुम्ही हत्यारं मोडता, माल वाया घालवता, फार उपकार झाले. आठ-दहा तास यंत्रावर उभं राहणाऱ्याला रोज भीती दाखवून काम होत नाही. त्याला चिडवावं लागतं.

खिडकी फिरवा

आता तो भोक पाडलेला कागद घ्या. चित्र छापून ए-थ्री आकारात काढलं असेल तर खिडकी बरोबर बसते. एका वेळी एकच जागा दिसू द्या आणि जे दिसतं ते नामात लिहा, विशेषणात नको. ‘क्रूर तोंड’ लिहिलंत तर पोस्टरवाल्याचं काम तुम्हीच केलंत. ‘खालचा जबडा पुढे, लाळ, वरचे दोन दात’ असं लिहा. क्रम असा ठेवा: तोंड, डोळे, हात, पाय, कपड्यावरची चिन्हं, शस्त्र, त्याच्या ताब्यातली व्यक्ती, मागचं दृश्य, प्रकाश कुठून येतो.

हॉप्स यांच्या पोस्टरवर हे केलं की काय हाती लागतं ते बघा. तोंड उघडं, लाळ. ओठावर टोकं वर वळवलेली मिशी. ही जर्मन सम्राट विल्हेल्म यांची ओळखीची मिशी. डोक्यावर टोकदार प्रशियन (प्रशिया हे जर्मनीतलं सर्वांत प्रबळ राज्य) शिरस्त्राण, त्यावर ‘मिलिटरिझम’, म्हणजे लष्करशाही, हा शब्द. हातात रक्ताने भरलेला सोटा, त्यावर ‘कुल्टुर’. हा जर्मन शब्द, अर्थ संस्कृती. काखेत अर्धी उघडी बाई, तोंड हाताने झाकलेलं. आता विचारा की यातलं युद्धाबद्दल काय आहे? शिरस्त्राण, सोटा आणि मागची पडझड. बाकी सगळं शिकारकथेतून आणि अब्रूच्या भीतीतून आलंय. बाईला पळवणारा गोरिला तर युद्धाच्या कितीतरी आधीचा: एमान्युएल फ्रेमिए या फ्रेंच शिल्पकाराने 1887 साली त्याच विषयाचं शिल्प करून पॅरिसमध्ये मोठा मान मिळवला होता. प्रचारकार नवं फारसं काही शोधत नाही. लोकांच्या डोक्यात आधीपासून असलेली भीती उचलतो आणि तिच्यावर शत्रूची टोपी घालतो.

म्हणून खिडकीचं काम संपलं की ‘टोपी बदला’ ही कसोटी लावा. चिन्ह, टोपी, ध्वज बोटाने झाकले तर हा कोण ते सांगता येतं का? ऑक्टोपसवर हे फार छान जमतं. 1877 मधल्या विनोदी नकाशात युरोपवर पसरलेला ऑक्टोपस रशिया आहे. 1917 च्या फ्रेंच पोस्टरमध्ये तो प्रशिया आहे. 1942 च्या सुमारास फ्रान्समधल्या जर्मनधार्जिण्या पोस्टरमध्ये त्याच्या तोंडात चिरूट आहे आणि तो चर्चिल झालाय, तुटलेल्या सोंडांतून रक्त गळतंय. 1944 मध्ये पॅट कीली यांच्या डच पोस्टरमध्ये तो ईस्ट इंडीजच्या (आजच्या इंडोनेशियाच्या) बेटांना विळखा घालणारा जपान आहे. प्राणी एकच, मालक चार.

कोणता प्राणी, हे नीट लिहा

इथे घाई करू नका. ‘शत्रूला जनावर दाखवलंय’ एवढं लिहून थांबणं ही या कामातली सर्वांत जास्त होणारी चूक. जनावर-जनावरात फरक असतो, कारण प्रत्येकाबरोबर त्याला काय करायचं याची सूचना येते.

गोरिला किंवा अस्वल ताकदवान असतं. त्याला मारणारा शिकारी शूर ठरतो, आणि मारणं संपलं की शिकार संपते. ऑक्टोपसचे हात छाटायचे असतात. पण उंदीर, ऊ, झुरळ यांच्याशी कुणी लढत नाही, तिथे औषध मारतात. एखादं झुरळ निरपराध असेल का, असा प्रश्न कुणाला पडत नाही. मार्च 1945 मध्ये अमेरिकी मरीन दलाच्या ‘लेदरनेक’ मासिकात जपान्यांना उवेच्या रूपात काढून लॅटिन वाटावं असं थट्टेचं शास्त्रीय नाव दिलं होतं आणि उपाय म्हणून पैदाशीच्या जागाच नष्ट कराव्या लागतील असं सुचवलं होतं. त्याच महिन्यात, 9 आणि 10 मार्चच्या रात्री, टोकियोवर आगीचे बॉम्ब पडले. चित्राने बॉम्ब टाकले नाहीत, असा ओढूनताणून संबंध जोडू नका. पण तारखा शेजारी लिहून ठेवा.

रवांडात 1994 च्या नरसंहाराआधी तुत्सी जमातीच्या लोकांना ‘इन्येन्झी’, म्हणजे झुरळं, म्हटलं जायचं. ‘कांगुरा’ या नियतकालिकाच्या 1991 मधल्या एका मुखपृष्ठावर या झुरळांचा कायमचा निकाल लावायला कोणती शस्त्रं वापरावीत असा प्रश्न होता आणि बाजूला कोयता काढला होता. त्याच्या संपादकाला पुढे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने दोषी ठरवलं. जर्मनीतही ‘डेर श्ट्युर्मर’ या ज्यूद्वेष्ट्या साप्ताहिकाचा प्रकाशक युलिउस श्ट्रायखर याला न्यूरेंबर्गच्या खटल्यानंतर ऑक्टोबर 1946 मध्ये फाशी झाली. त्याच्या हातात बंदूक नव्हती, छापखाना होता.

आणि आपण नेहमी बघणाऱ्याच्याच बाजूला असतो असं समजू नका. अठराव्या शतकात बंगालवर स्वाऱ्या करणारे मराठे तिथल्या अंगाईगीतात ‘बर्गी’ म्हणून पोरांना भीती घालायला उरले आहेत. ‘गनीम’ हा शब्द आपण अभिमानाने ‘गनिमी कावा’मध्ये मिरवतो, मुघलांच्या फारसी तवारिखांत तो शत्रू या अर्थाने मराठ्यांसाठीच वापरलेला आहे.

पुढारी की सगळी जमात?

पोस्टरमधला चेहरा एका माणसाचा आहे की कुणाचाही? त्या चेहऱ्यावर नाव लिहिता आलं तर तो पुढारी. येत नसेल तर निशाणा अख्ख्या जमातीवर आहे. 1941 च्या जूनमध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्याबरोबर मॉस्कोतल्या कुक्रिनिक्सी या तीन चित्रकारांच्या गटाने काढलेल्या पोस्टरमध्ये दोन देशांतल्या फाडलेल्या अनाक्रमण करारातून डोकं काढणारा हिटलर स्पष्ट ओळखू येतो. अमेरिकी चित्रांतही जर्मनीसाठी बहुतेकदा हिटलर, गोअरिंग, नाझी असे वेगळे चेहरे असतात. जपानसाठी मात्र चष्मा, दात आणि तिरके डोळे असलेला एकच साचा, तो पंतप्रधान टोजो असो की टोकियोतला कुणी कारकून.

या साच्याचा परिणाम घरातच झाला. 22 डिसेंबर 1941 च्या ‘लाइफ’ मासिकात जपानी आणि चिनी चेहरा वेगळा कसा ओळखावा याच्या खुणा छायाचित्रांवर रेघा मारून दाखवल्या होत्या. 13 फेब्रुवारी 1942 ला, पुढे बालसाहित्यासाठी जगभर नावाजलेल्या डॉ. स्यूस यांच्या व्यंगचित्रात पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या अमेरिकनांची एकसारख्या चेहऱ्यांची लांबच लांब रांग सुरुंगाची दारू घ्यायला उभी आहे. सहा दिवसांनी, 19 फेब्रुवारीला, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक 9066 वर सही केली आणि सुमारे 1 लाख 20 हजार लोक छावण्यांत गेले. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते.

दुसऱ्या बाजूचंही चित्र शेजारी ठेवल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका. जपानच्या नौदलाने पैसे देऊन करून घेतलेल्या 1945 च्या मोमोतारो चित्रपटात लोककथेतला पीचमधून जन्मलेला मुलगा गोंडस प्राण्यांची फौज घेऊन बेटावर उतरतो आणि शिंगं असलेले इंग्रज थरथरत शरण येतात. तिथे आपली माणसं प्राणी आणि शत्रू राक्षस. साचा उलटा झाला, काम तेच.

दोन रकाने

आता खरं-खोटं. वहीच्या पानावर उभी रेघ मारा. डावीकडे ‘घडलेलं’, उजवीकडे ‘चढवलेलं’. एल्सवर्थ यंग यांचं 1918 चं ‘बेल्जियम आठवा’ हे पोस्टर घ्या: हिरवट-काळ्या रंगात फक्त आकृत्या, मागे जळणारं गाव, सैनिक एका लहान मुलीला ओढत नेतोय.

डावीकडे जाईल: ऑगस्ट ते ऑक्टोबर 1914 दरम्यान जर्मन सैन्याने बेल्जियम आणि फ्रान्समध्ये सुमारे 6,500 नागरिकांना ठार मारलं. 23 ऑगस्टला एकट्या दिनाँ गावात 674. 25 ऑगस्टच्या रात्री लूव्हाँच्या विद्यापीठाचं ग्रंथालय जाळलं. उजवीकडे जाईल: मुलांचे हात तोडल्याच्या गोष्टी, ज्यांना पुरावा मिळाला नाही. मे 1915 च्या ब्रिटिश सरकारी अहवालातल्या साक्षी शपथेवर घेतलेल्या नव्हत्या. 1917 मध्ये जर्मन लोक आपल्याच सैनिकांच्या प्रेतांपासून चरबी काढतात अशी बातमी फिरली. ती खोटी असल्याचं 1925 मध्ये ब्रिटनच्या संसदेत मान्य झालं.

डावा रकाना रिकामा सोडायचा मोह होतो, कारण ‘सगळा प्रचार खोटा’ म्हणण्यात हुशारी वाटते. युद्धानंतर लोकांनी नेमकं हेच केलं. पहिल्या युद्धातल्या थापा आठवून दुसऱ्या युद्धातल्या छळछावण्यांच्या खऱ्या बातम्यांवर अनेकांनी सुरुवातीला विश्वास ठेवला नाही.

पोस्टर चाललं की उलटलं, हेही तपासा. फेब्रुवारी 1944 मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसच्या भिंतींवर लाल पोस्टर लागलं. मानूशियाँच्या प्रतिकार गटातल्या दहा जणांचे दाढी वाढलेले चेहरे, परकी नावं आणि बहुतेकांच्या नावापुढे ज्यू असल्याचा उल्लेख, खाली रुळांवरून घसरलेली गाडी. हे परदेशी गुन्हेगार आहेत हे ठसवायचं होतं. लोकांनी पोस्टरखाली फुलं ठेवली. त्यावर ‘फ्रान्ससाठी मेले’ असं लिहिलं गेलं.

फोनवर आलं तर

पद्धत तीच, क्रम थोडा वेगळा. पुढे पाठवू नका. चित्र असेल तर गूगल लेन्स आणि टिनआय या चित्रावरून शोध घेणाऱ्या दोन्ही साधनांत टाका. टिनआयवर निकाल ‘सर्वांत जुना आधी’ असे लावा. चित्रफीत असेल तर तीन-चार ठिकाणी थांबवून पडद्याचे फोटो घ्या आणि ते शोधा. युक्रेन, गाझा आणि मे 2025 मधला भारत-पाकिस्तान संघर्ष, तिन्ही वेळी संगणकी खेळातली दृश्यं खरी लढाई म्हणून फिरली. खुणा ठरलेल्या: रात्रीचं दृश्य, मुद्दाम धूसर केलेली प्रत, सतत हलणारा कॅमेरा, माणसं जवळपास नाहीतच, आणि कोपऱ्यात खेळाच्या खुणा झाकायला लावलेली पट्टी. खरी चित्रफीत पण जुन्या लढाईची, हा प्रकार याहून जास्त फसवतो. तिथे पाट्या, वाहनांच्या नंबरपट्ट्या आणि अंगावरचे कपडे ऋतूशी जुळतात का ते बघा.

वर्गात दाखवताना

चाळीस मिनिटांच्या तासाला तीनच चित्रं, जास्त नको. चार-चार जणांचे गट, प्रत्येक गटाला ए-थ्री प्रत, एक खिडकी, दोन रकान्यांचं पान. पहिली दहा मिनिटं फक्त खालची पट्टी आणि क्रियापद. या वेळात वरचं चित्र कोऱ्या कागदाने झाकून ठेवा. मुलं कुरकुर करतात, करू द्या. नंतरची वीस मिनिटं खिडकी आणि रकाने, उरलेली बोलायला.

ज्यूद्वेषाची किंवा वंशद्वेषाची चित्रं पडद्यावर एकटी लावून ठेवू नका. चित्र आकर्षक असतं, ते काढणारे कसबी होते, आणि मागच्या बाकावरून काढलेला फोटो संदर्भाविना बाहेर जातो. माहितीची ओळ चित्राच्या खाली नाही, चित्रातच कडेला छापून घ्या, म्हणजे कातरली तर चित्रही कापावं लागेल. ओळीत सहा गोष्टी हव्यात: चित्रकार, साल, देश, प्रसिद्ध करणारा, माप, आणि बघणाऱ्याकडून मागितलेलं काम. नमुना: ‘हॅरी हॉप्स, 1917 सुमार, अमेरिका, अमेरिकी लष्कर, 106 × 71 सेंमी, मागणी: भरती व्हा.’